बारकीची रेघ

९ जानेवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र काल मिळालं. डिसेंबरच्या चारही शनिवारांचे आकडे नीट पोचले: ७.३६, ७.३७, ७.३७, ७.३८. तुझे आकडे घड्याळाच्या तबकडीवर छापल्यासारखे असतात. माझं अक्षर तू बघतोच आहेस, कोंबडीचे पाय. फोन करून सांगणार होते, पण फोनवर मी तुला बादलीत तोंड घालून बोलल्यासारखी ऐकू येते म्हणतोस, त्यामुळे हे लिहिणंच बरं.

परवा निवृत्तीचे कागद भरले. त्यात एक रकाना होता, 'आपल्या संशोधनाचा विषय एका वाक्यात लिहा.' अर्धा तास पेन धरून बसले. शेवटी लिहिलं: घराखालची चिकणमाती वर्षानुवर्षं कशी दबत जाईल, ते कॉम्प्युटरवर आधी सांगणं. तीस वर्षं एका ओळीत मावली आणि वर जागा उरली. समोरच्या कारकुनाने वाचलं आणि विचारलं, "मॅडम, माती आपलं ऐकते का हो?" मी म्हटलं, निवृत्त व्हायच्या आत, तीस जूनपर्यंत सांगते.

दादा, तेच सांगायला लिहितेय. शेवटचा पेपर पाठवला. आजवर माझ्या मॉडेलला खायला घातली ती प्रयोगशाळेतली माती, डबीएवढी. एका खऱ्या घराखालची माती कोणी सात वर्षं, दर आठवड्याला मोजलेली नव्हती. तू मोजलीस. वहिनी गेल्या तेव्हा मी आले होते, स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं आणि त्यामागे ती भेग निघाली, आठवतं? वहिनींनी पाहुण्यांना दिसू नये म्हणून झाकली होती. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पितळी खिळे बसवून मी निघून आले, आणि तू व्हर्नियर लावून त्यांच्यातलं अंतर किती मिलिमीटरने वाढलं ते कळवत राहिलास. तीन वर्षांपूर्वी मी तुला आलेख पाठवला होता, भेग पुढे कशी वाढेल त्याची रेघ काढून. तुझे आकडे त्या रेघेवर बरोब्बर बसलेत. रेघेच्या वर नाही, खाली नाही.

पेपरवर माझ्या नावाशेजारी तुझं नाव टाकतेय. मे महिन्यात परिषद आहे, तिथे सगळ्यांसमोर हे मांडायचंय. त्यानंतर मी टेबल आवरायला मोकळी.

तब्येत सांभाळ.

तुझी बारकी

•

१८ जानेवारी

चि. बारके,

साठीला टेकलेल्या बाईला बारकी म्हणतो म्हणून तुझ्या विभागात हसत असतील तर पाकीट लपवत जा. या महिन्याचे आकडे: ७.३८, ७.३९, ७.३९.

पेपरचं वाचून बरं वाटलं. लहानपणी भिंतीचे पोपडे खायचीस आणि आईचा मार खायचीस. आईला काय ठाऊक, पोरगी संशोधन करत होती.

माझं नाव मात्र नको. खरंच नको. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, मला त्यातलं काय कळतं? उद्या कोणी काही विचारलं तर मी काय तोंड दाखवू? खाली बारीक अक्षरात 'भावाने मदत केली' एवढं लिही, पुष्कळ झालं. तेही नाही लिहिलंस तरी चालेल.

शेजारच्या शिक्षिकाबाईंची बदली झाली. कुलूप लावून गेल्या. दुकान बंद केल्यावर आणलेली अठरा घड्याळं मी पुढच्या खोलीत टांगली आहेत. रोज किल्ली देतो, तेवढंच हाताला काम.

तुझा दादा

•

२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पेपर तीन परीक्षकांकडे गेला होता. दोघांनी वाहवा केली. तिसरा खवट निघाला. असा एक असतोच, आणि बहुतेक वेळा तोच नीट वाचतो.

त्याचं म्हणणं असं: पहिली चार वर्षं भेग उन्हाळ्यात जरा उघडते, पावसाळ्यात जरा मिटते. माती सुकते, भिजते, त्यामुळे हे व्हायलाच हवं. पुढची तीन वर्षं मात्र ती सरळ वाढत जाते. उन्हाळा नाही, पावसाळा नाही. का?

दादा, तू मोजायची वेळ बदललीस का? आधी सकाळी दहाला मोजायचास. की व्हर्नियर बदललं? की त्या भिंतीला कोणी गिलावा केला? जे असेल ते लिही. मला त्याला उत्तर द्यायचंय आणि परिषदेला फार दिवस उरले नाहीत.

तुझ्या नावाचं मी ऐकणार नाही. नाव राहील.

इथे सगळं ठीक. माझ्या शेजारची खोली रिकामी करून तिथे नवीन मशीन बसवलीत. दिवसभर घूं आवाज येतो. जेवायला मी आता खोलीतच बसते.

तब्येत सांभाळ.

तुझी बारकी

•

८ फेब्रुवारी

चि. बारके,

वेळ तीच, शनिवारी दहा. व्हर्नियर तेच, दुकानातलं. गिलावा नाही. आकडा ७.४०.

मला वाटतं भिंत म्हातारी झाली. तरुणपणी माणसाला ऊन लागतं, थंडी वाजते. म्हातारपणी सगळे महिने सारखेच. मला तरी आता पंखा आणि पांघरूण एकाच दिवशी लागतं. भिंतीचंही तसंच काही असेल. हे तुझ्या भाषेत नीट करून लिही, तुला येतं.

आणि त्या तिसऱ्याला म्हणावं, घरात बसून शंका काढू नकोस. यायचं तर ये आणि बघ.

तुझा दादा

•

१८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तिसरा येत नाही. मीच येते.

तुझं म्हातारपणाचं उत्तर मी चार वेळा वाचलं आणि हसले, पण ते पेपरात चालणार नाही. परीक्षकाला तुझ्या मूळ वहीच्या पानांचे फोटो हवेत. तुला मी जी वही आखून दिली होती ती: तारीख, वेळ, हवामान, आकडा, शेरा. ती आहे ना जपून? वही बघेन, खिळे तपासेन, भिंतीचेही फोटो काढेन. शुक्रवारी १४ मार्चला सकाळी पोचते, मंगळवारी निघते. शनिवारी दहाला दोघं मिळून मोजू.

सात वर्षं झाली, दादा. दर वर्षी ठरवत होते आणि दर वर्षी काहीतरी निघत होतं. या वेळी भेगेच्या निमित्ताने का होईना, येणं होतंय. तिकीट या आठवड्यात काढते.

तुझी बारकी

•

२५ फेब्रुवारी

चि. बारके,

ये.

गादी उन्हात टाकली. दोन उशांपैकी एक कडक आहे, ती तुला, तुला लहानपणापासून कडकच लागते. मागच्या खोलीतला सगळा पसारा पुढच्या खोलीत आणला आणि पुढच्या खोलीतला मागे नेला. फरक काही पडला नाही पण दिवस चांगला गेला. न्हाणीघराची कडी दुरुस्त केली. तुला चहात साखर किती लागते ते आठवेना. डॉक्टरांनी बंद केली असेल तर आधीच लिही, म्हणजे मी आणणार नाही.

अठरा घड्याळांपैकी सहा बंद ठेवीन. सगळी एकदम टोले द्यायला लागली की लोकांना झोप येत नाही म्हणतात. मला त्रास होत नाही.

तुझा दादा

•

१ मार्च

चि. बारके,

मागचं पत्र मिळालं असेल नसेल. तिकीट काढायच्या आत हे पोचू दे.

काल गादी परत आत घेता घेता तिच्यावरच बसलो. म्हटलं, ही येणार, शनिवारी दहाला व्हर्नियर लावणार, आणि पहिल्याच मिनिटाला हिला कळणार. तिथे भिंतीपाशी उभं राहून तुझं तोंड बघण्यापेक्षा इथे लिहिलेलं बरं.

भेग वाढत नाही. तीन वर्षं झाली.

तू तो आलेख पाठवलास, त्याच्या पुढच्या महिन्यात नळवाल्याला बोलावलं होतं, पाणी कमी येत होतं म्हणून. त्याने खणलं तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्याखाली नुसता चिखल. पाइपचा जोड गळत होता, किती वर्षं कुणास ठाऊक. त्याने जोड बदलला, खड्डा बुजवला आणि गेला. त्यानंतर भेग थांबली. पहिले दोन महिने वाटलं योगायोग असेल. पाचव्या महिन्यात खात्री पटली. ५.८१ वर थांबली. उन्हाळ्यात जरा उघडते, पावसाळ्यात जरा मिटते, पण फिरून तिथेच. म्हणजे तुझ्या मातीचं काही नव्हतं, बारके. एक गळका पाइप होता.

पहिल्याच महिन्याचे आकडे तुला लिहायला बसलो होतो. 'भेग थांबली' एवढं लिहिलं आणि पुढे काय लिहावं सुचेना. म्हणून तुझी आधीची सगळी पत्रं काढून वाचली. चार वर्षांची पत्रं, सगळी भेगेची. शेवटी एक ओळ, तब्येत सांभाळ. मनात आलं, भेगच थांबली तर ही आता कशाला लिहील? तो कागद फाडला. तुझा आलेख काढला, डोळ्याला भिंग लावलं, त्या शनिवारी तुझी रेघ कुठे आहे ते वाचलं आणि तो आकडा तुला कळवला. पुढच्या शनिवारी पुन्हा. मग सवयच झाली. तुझी रेघ मी तुलाच परत पाठवत होतो. तुझ्या रेघेत उन्हाळा-पावसाळा नव्हता, म्हणून माझ्या आकड्यांत नाही. तो तिसरा माणूस हुशार आहे.

मला वाटलं होतं, घरातल्या घरात आहे, कोणाचं काय बिघडतंय? पेपरचं तू जानेवारीत लिहिलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. मग तू येते म्हणालीस, आणि मग तर मुळीच झाला नाही.

मोजायचं मात्र मी एकदाही चुकवलं नाही. खरे आकडे वहीत आहेत. वही रजिस्टरने पाठवतोय. तुला यायचं कारण त्यामुळे उरत नाही, ते मला कळतं.

राग काढ माझ्यावर. पण ते छापू नकोस.

दादा

•

९ मार्च

दादा,

पत्र मिळालं. वही मिळाली.

पेपर मागे घेतला. विभागप्रमुखांना कारण सांगावं लागलं. परिषदेला जात नाही. तिकडेही येत नाही.

सध्या काही लिहू नकोस.

•

१५ मार्च (पोस्टकार्ड)

५.८३. लिहू नको म्हणालीस, म्हणून फक्त आकडा. खरा.

•

२२ मार्च (पोस्टकार्ड)

५.८३. गादी गुंडाळून ठेवली.

•

५ एप्रिल (पोस्टकार्ड)

५.८४. पोस्टमन आज दारापर्यंत आला. चुकून आला होता.

•

१९ एप्रिल (पोस्टकार्ड)

५.८५. गवंड्याला आणून दाखवली. म्हणाला, काका, ही मेलेली भेग आहे, बुजवून टाका, अर्ध्या दिवसाचं काम. त्याला नको म्हटलं.

•

१० मे (पोस्टकार्ड)

५.८६. तुझी परिषद याच आठवड्यात होती ना? माझ्यामुळे गेली.

•

३१ मे (पोस्टकार्ड)

५.८५. उत्तर नको. कार्डं पोचतात की नाही एवढं कळलं असतं तर बरं होतं. परत आली नाहीत, त्याअर्थी पोचत असतील.

•

७ जून

प्रिय दादा,

सगळी कार्डं पोचली. टेबलाच्या खणात क्रमाने ठेवलीत.

तीन महिने मी तुझ्यावर रागावले आहे असं तुला वाटत असेल. पहिले पंधरा दिवस रागावले होते. भयंकर. विभागप्रमुखांसमोर उभं राहून 'मोजमापं खोटी निघाली' म्हणावं लागलं. ते सभ्य माणूस आहेत, म्हणाले, "होतं असं." असं होत नाही, दादा. तीस वर्षांत माझ्या कुठल्या विद्यार्थ्याचंही झालं नव्हतं. सगळ्या विभागाला कळलं. निवृत्तीच्या वेळी माझं भाषण ठेवणार होते, ते आता ठेवायचं की नाही हे मला विचारायलाही कोणी आलं नाही. शेवटच्या वर्षी मी माती खाल्ली, आणि या वेळी मारायला आईही नाही.

मग राग उतरला, आणि खाली दुसरंच काहीतरी निघालं. ते लिहायला इतके दिवस लागले.

मला दोन वर्षांपूर्वीच संशय आला होता.

खरे आकडे इतके सरळ येत नाहीत. हात हलतो, भिंत तापते, कोणीतरी दार आपटतं. पहिल्या वर्षाच्या पोराने असे आकडे आणले असते तर मी वही त्याच्या हातात परत दिली असती आणि म्हटलं असतं, बाळा, खरं सांग. तुझे आकडे एकदा मी पडद्यावर लावले आणि ते माझ्या रेघेच्या पोटात दिसेनासे झाले. कितीतरी वेळ बघत बसले. मग फाइल बंद केली आणि तुला लिहिलं, 'आकडे उत्तम येताहेत.' तपासून बघ, ते पत्र तुझ्याकडे असेल.

एक तर मला माझी रेघ बरोबर यायला हवी होती. हे कबूल करते. दुसरं, माझ्या टपालपेटीत जाहिराती सोडल्या तर महिन्याला माझ्या नावाचं एकच पाकीट येतं. मी विचारलं असतं आणि तू खरं सांगितलं असतंस, तर ते पाकीट कशासाठी आलं असतं? तू जे माझ्याबद्दल धरून चाललास, तेच मी तुझ्याबद्दल धरून चालले. तिसऱ्या परीक्षकाने विचारलं म्हणून मी तुला विचारलं. नाहीतर मी विचारलं नसतं, दादा. छापून मोकळी झाले असते. आणि वर तुझं नाव टाकलं असतं.

तुझी वही मी आधी आकड्यांसाठी उघडली. नंतर शेरा वाचायला लागले. तो रकाना मी आखला होता तो भिंतीत खिळा ठोकला, शेजारी खणकाम चालू आहे, असलं काही लिहायला. पहिली चार वर्षं तू तसंच लिहिलं आहेस. त्यानंतरचं मी इथे उतरवते, कारण तू लिहून विसरला असशील.

५.८०. सवयीने दोन कप चहा केला.

५.७९. आज कोणाशी बोललो नाही. कालही नाही.

५.८२. मोठ्या घड्याळाचे ठोके ऐकू येईनात. लंबक बघितला, चालू आहे.

५.८१. हिचा चष्मा सापडला. काचा पुसून ठेवला.

५.८१. बारकीचं पत्र आलं. भेगेबद्दल.

हा शेवटचा शेरा किती वेळा आहे ते मी मोजलं. एकतीस वेळा. मोजणं हेच मला येतं.

सात वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नाही की तुला किती ऐकू येतं. वहिनींच्या शेवटच्या दिवसांत काय झालं तेही विचारलं नाही. तेव्हा तिथे चार दिवस होते आणि तीन दिवस भिंतीपाशी बसले होते, कारण तुझ्यासमोर बसायला मला जमत नव्हतं. तू जेवतोस काय, कोण करतं, मला माहीत नाही. मी इथे जेवते काय ते तुलाही माहीत नाही. खोलीत बसून, डब्यातून, उभ्याउभ्या. मला फार एकटं वाटतं, दादा. हे मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही.

तीस जूनला माझा शेवटचा दिवस. पाच जुलैला शनिवार येतो. सकाळी नऊच्या गाडीने पोचेन. व्हर्नियरला हात लावणार नाही. चार दिवसांसाठी येत नाही, जास्त राहीन, किती ते ठरवलेलं नाही. चालेल का, एवढं लिही.

साखर दोन चमचे.

तुझी बारकी

•

१४ जून

चि. बारके,

आज शनिवार. भेग मोजली नाही. दहा वाजता हात शिवशिवले, पण तुझं पत्र समोर होतं, तेच परत वाचलं.

चालेल का म्हणून काय विचारतेस? हे काय विचारणं झालं?

तू विचारलं आहेस ते लिहितो. उजव्या कानाने काही नाही. डाव्याने, माणूस समोर बसून बोलला तर निम्मं, बाकीचं ओठांवरून. घड्याळं चालू आहेत की नाही ते लंबकाला बोट लावून बघतो. जेवण मी करतो, वाईट होतं. तू आलीस की तुला कळेलच, आणि तू उभ्याने खाणार असशील तर इथे चालणार नाही, ताट मांडलं जाईल. हिच्या शेवटच्या दिवसांचं पत्रात लिहायचं नाही. ते बसून सांगेन, एका दिवसात होणार नाही.

तुला संशय होता हे वाचून आधी मला राग आला. मग हसू आलं. दोघं मिळून आपण एक मेलेली भेग तीन वर्षं वाढवली. आई असती तर दोघांनाही फोडून काढलं असतं.

गवंडी पुन्हा विचारून गेला. त्याला म्हटलं, माझी बहीण येतेय, तिने एकदा बघू दे, मग बुजव. तुझ्या रेघेचा कागदही ठेवलाय. टाकवत नाही, तीन वर्षं दर शनिवारी बघितलाय. कॅलेंडरच्या मागे आहे.

साखर आणली. गादी पुन्हा उन्हात टाकली. अठराही घड्याळं चालू ठेवतो. कुठल्याचे ठोके बरोबर पडतात आणि कुठल्याचे नाही, ते तू ऐकून सांग.

स्टेशनवर येणार होतो, पण गर्दीत तू हाक मारलीस तर मला ऐकू येणार नाही आणि आपली चुकामूक होईल. तू सरळ घरीच ये. दारावरची बेलही मला ऐकू येत नाही, म्हणून त्या दिवशी आठपासून दार उघडंच ठेवतो.

तुझा दादा